फ्यूज काढला, इंजिन बंद पडलं, तरी पाइप सोडताच पेट्रोल अंगावर येतं

"पंपाचा फ्यूज काढला होता. गाडी चालू करून बंद पडू दिली होती. तरी क्लिप दाबली आणि पेट्रोल मनगटापासून पार काखेपर्यंत आलं." ही तक्रार मी शिकाऊ पोरांकडून ऐकलीय आणि वीस वीस वर्षं पाना धरलेल्यांकडूनही. पेट्रोलचा पाइप सोडायच्या आधी पंपाची वीज तोडायची आणि इंजिनला उरलेलं पेट्रोल पिऊन बंद पडू द्यायचं, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं, अशी ही पद्धत. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मी सगळं नीट केलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. इंजिन बंद पडलं हे त्यांनी बघितलेलं असतं, पण ते कसं बंद पडलं हे बघायचं राहिलेलं असतं.

आमचं छोटं गॅरेज सांगली-मिरज रस्त्याला आहे. मागच्या मे महिन्यात सीएनजीची एक गाडी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझल, साफ करायला आली होती. भाचा सुट्टीत गॅरेजवर यायचा, आयटीआयचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं. त्याला म्हटलं, पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढ, गाडी चालू कर, आपोआप बंद पडेल, मग मला हाक मार. मी पलीकडे एका गाडीच्या क्लचमध्ये अडकलो होतो. पाच मिनिटांनी आवाज आला, "मामा, बंदच पडंना की ही!" मी मान वर न करता म्हटलं, पडेल, दम धर. आणखी पाच मिनिटं गेली. पोराने कंटाळून चावीने गाडी बंद केली. दहा मिनिटं पंपाशिवाय चालली, म्हणजे पाइपात आता काय उरलं असणार, असा त्याचा हिशोब. मग रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या, तोंडाची क्लिप दाबून त्याने पाइप ओढला. चूळ टाकावी तसं पेट्रोल त्याच्या हातावर, मानेवर आणि खाली एक्झॉस्टच्या तापलेल्या पत्र्यावर आलं. पत्र्यावरचा चर्र आवाज मला क्लचपाशी ऐकू आला. समोरच्या भिंतीवर देव्हाऱ्यात निरांजन तेवत होतं.

काही झालं नाही. पोराला नळाखाली धरला, कपडे बदलले, निरांजन विझवलं आणि मग मी गाडीपाशी जाऊन बघितलं. डॅशबोर्डवरचं बटण गॅसवर होतं. दहा मिनिटं ती गाडी सीएनजीवर चालत होती आणि पेट्रोलच्या रेलमधलं प्रेशर जसंच्या तसं बसून होतं. पोराचं चुकलं नाही, माझं चुकलं. मी मान वर केली नाही.

आता मुळात प्रेशर एवढं असतं तरी किती? कार्ब्युरेटरच्या जमान्यात पंप इंजिनच्या कॅमवर चालायचा आणि पाव बारच्या आसपास प्रेशर द्यायचा. पाइप तोंडाने फुंकावा, बोटाने बंद करावा, असली कामं त्यात चालून जायची. आजच्या साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप रेलला साधारण ३ ते ४ बार प्रेशर देतो. आपण टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो ना, त्याच मापात हे ४४ ते ५८ होतं. म्हणजे टायरच्या दीडपट प्रेशरखाली, हवा नाही, तर पेट्रोल. गाडी बंद केल्यावर ते उतरतही नाही, कारण ते उतरू नये अशीच रचना आहे. पंपाच्या तोंडाला एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, तो पेट्रोल मागे जाऊ देत नाही, म्हणून सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू होते. तेव्हा "गाडी कालपासून उभी आहे, आता कसलं प्रेशर" हा भरवसा धरू नका. उलट रात्रभर उभ्या गाडीत प्रेशर अजिबात नसेल आणि रोज सकाळी सेल्फ लांबत असेल, तर तो व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय असं समजा. तो वेगळा आजार.

उरलेल्या धोक्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेण्याजोगी असते, म्हणजे आपल्याकडे ती बारमाही तयारच. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की पुरे. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, जाऊन बसते. पिटमध्ये उतरून पेट्रोलचा पाइप सोडणं मी पूर्ण बंद केलंय, ते याचसाठी.

आधी सरळ पद्धत

इंजिन थंड हवं. गरम इंजिनावर ही पद्धत केली, तर शेवटी पेट्रोल कमी पडून इंजिन मिसिंग मारतं, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते सोसत नाही. शिवाय सांडलं तर खाली तापलेला पत्रा असतोच. गाडी उघड्यावर किंवा दोन्ही शटर वर करून, सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताच्या अंतरावर. पाण्याची बादली इथे कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जातं. एक्स्टिंग्विशर नसेल तर वाळूची बादली तरी.

टाकीचं झाकण उघडा, फुस्स होऊ द्या, परत लावा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. गाडी चालू करा, ती गचके खात बंद पडू द्या. मग तीन-तीन सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारा, कारण बंद पडताना थोडं प्रेशर रेलमध्ये उरलेलं असतंच. चावी काढा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मग जॉइंटवर फडका, आणि फडक्याखालून पाइप.

एवढंच. याच्यात तुम्ही कुठेच चुकला नसाल आणि तरी पेट्रोल उडत असेल, तर पुढचं वाचा.

कसं बंद पडलं?

योग्य रिले काढला असेल तर इंजिन लगेच बंद पडत नाही. काही सेकंद नेहमीसारखं चालतं, मग आवाज पातळ होतो, गाडी थरथरते, एक-दोन गचके आणि मग थांबते. हे असं थांबणं म्हणजे इंजेक्टर शेवटपर्यंत उघडत होते आणि रेलमधलं पेट्रोल पीत होते.

रिले ओढताच किंवा सेल्फ लागून चालू होताच गाडी टक्कन बंद पडली, चावी फिरवल्यासारखी, तर तुम्ही पंपाचा रिले काढलेलाच नाही. तुम्ही सगळ्या इंजिनला वीज देणारा मेन रिले काढलाय, किंवा इंजेक्टरचा सप्लाय, किंवा ठिणगी देणाऱ्या कॉइलचा. इंजेक्टर बंद, म्हणून इंजिन बंद, म्हणून प्रेशर पूर्ण शाबूत. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये चार-पाच रिले एकाच रंगाचे, एकाच आकाराचे रांगेने बसलेले असतात. झाकणाच्या आतला नकाशा तेलाने पुसलेला असतो किंवा झाकण दुसऱ्याच मॉडेलचं बसवलेलं असतं. अंदाजाने ओढलं की हे होणारच.

आवाजाने खात्री करता येते. टाकीच्या झाकणापाशी कान लावा आणि दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा, सेल्फ नको. दोनेक सेकंद पंपाचा घुर्रर्र आवाज येतो आणि थांबतो. रिले काढल्यावर हा आवाज गेला पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. कित्येक गाड्यांत मेन रिले काढला तरी पंप मुका होतो, कारण पंपाला वीज त्याच्यामार्फतच जाते. म्हणून दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. पंपाचा आवाज गेला पाहिजे आणि इंजिन रेंगाळत बंद पडलं पाहिजे.

काही गाड्यांत पंप आणि इंजेक्टर एकाच फ्यूजवर असतात. तिथे फ्यूज काढून काहीच साधत नाही. अशा वेळी सरळ पंपाचा कनेक्टर काढावा. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची गादी उचलली की खाली पत्र्याचं गोल झाकण आणि त्याखाली कनेक्टर मिळतो, पाच मिनिटांचं काम. ज्या गाड्यांत वरून झाकणच नाही, तिथे टाकीच्या कडेने खाली येणारी वायरिंग शोधावी लागते. चिडचिड होते, पण फ्यूजच्या जुगारापेक्षा बरी.

गॅसची गाडी

आपल्याकडे आता दर दोन गाड्यांआड एक सीएनजीची उभी असते, आणि छापील पद्धत तिच्यावर तशीच्या तशी वापरली की फसते. पंप बंद, पेट्रोल मिळेना, तर गाडी गॅसवर जाते आणि मजेत चालत राहते. पेट्रोलचे इंजेक्टर बंदच असतात, त्यामुळे रेलमधला एक थेंबही कमी होत नाही. वर इंजिनची धग रेलला लागते, त्यामुळे प्रेशर कमी व्हायचं सोडून वाढतं.

उपाय साधा आहे. आधी बटण पेट्रोलवर टाका. गाडी पेट्रोलवर चालतेय याची डॅशबोर्डच्या दिव्यावर खात्री करा. सिलिंडरजवळचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे गाडी स्वतःच्या मनाने गॅसवर जाऊ शकणार नाही. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही मधल्या नळीत थोडा गॅस असतो, तेवढ्यावर ती मिनिटभर चालू शकते, तो संपू द्या. मग पंपाचा रिले.

आणि गॅसच्या बाजूचा एकही जॉइंट या निमित्ताने ढिला करू नका. सिलिंडरमध्ये भरताना २०० बार असतं. तिथे फडका आणि पाना घेऊन जायचं काम नाही, ते त्याच कामाची परवानगी असलेल्या सेंटरला सोडा.

उतरवलेलं प्रेशर परत येतं तेव्हा

ही माझी आवडती चूक आहे, कारण ती नेहमी दुसराच कुणीतरी करतो. तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं. मग कुणीतरी रिले "हरवू नये म्हणून" परत जागेवर बसवतो. गिऱ्हाइकाचं पोरगं गाणी लावायला चावी ऑन करतं. किंवा तुम्हालाच मागच्या दाराची काच खाली करायची असते. चावी ऑन झाली की पंप दोन सेकंद फिरतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांत रेल पुन्हा पूर्ण भरते. काही जर्मन गाड्यांत तर चावीही लागत नाही, ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप फिरतो. दार उघडताच मागून घुर्र आवाज येतो तो हाच.

म्हणून आमच्याकडे नियम असा, की पंपाचा रिले काढणाऱ्याच्या खिशात जातो, टूल ट्रेमध्ये नाही. आणि बॅटरीचा निगेटिव्ह पाइप उघडायच्या आधी निघतो. पाइप सोडून झाल्यावर, पेट्रोलचा वास सुटल्यावर "अरे, बॅटरी राहिली" म्हणत टर्मिनल काढणं म्हणजे ठिणगीला बोलावणं. राहिलीच असेल तर ती राहू दे, आधी वास जाऊ दे.

जेवणाची सुट्टी हेही एक कारण. साडेबाराला प्रेशर उतरवलं, डबा खाऊन अडीचला पाइप सोडला. मेमध्ये आमच्याकडे पत्र्याखाली चाळीसच्या वर जातं. रेलमध्ये उरलेलं पेट्रोल तापतं, वाफ धरतं, टाकीतही वाफ दाटते. तीन बार होत नाही, पण तोंडावर उडायला पुरेसं होतं. प्रेशर उतरवलं की लगेच पाइप सोडायचा. मध्ये वेळ गेलाच तर बॅटरी जोडून, टाकीचं झाकण उघडून-लावून, रिलेशिवाय दोन सेल्फ परत मारायचे, मग निगेटिव्ह पुन्हा काढायचा.

पाय कुठे होता?

जुने हात, विशेषतः पद्मिनी-ॲम्बॅसिडरवर शिकलेले, सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबतात. पायाला सवयच आहे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, तर कंप्युटरला वाटतं सिलिंडर पेट्रोलने भिजलेत, ते सुकवायचेत. तो इंजेक्टर बंद करतो. म्हणजे तुम्ही प्रेशर उतरवायला सेल्फ मारताय आणि इंजेक्टर तोंड मिटून बसलेत. दहा सेल्फ मारा, काही उतरणार नाही, बॅटरी मात्र उतरेल. पाय बाजूला ठेवा.

उडणं वेगळं, वाहणं वेगळं

प्रेशर शून्य झालं म्हणजे पाइप रिकामा झाला असं नाही. क्लिप सोडल्यावर अर्धा कप पेट्रोल निवांत वाहत येणार, बाहेर फिल्टर असलेल्या गाडीत आणखी थोडं. ते साहजिक आहे. पण ते थांबतच नसेल, धार धरून चालूच असेल, तर तो प्रेशरचा प्रश्न नाही. टाकी गच्च भरलेली आहे, किंवा गाडीचं तोंड उतारावर खाली आहे, किंवा झाकण लावल्यावर टाकीत परत वाफ दाटलीय. झाकण पुन्हा उघडा, पाइपाच्या तोंडात रबरी बूच बसवा. पाइप वाकवून पक्कडीत धरायला जाऊ नका. हल्लीचे नायलॉनचे पाइप एकदा मुडपले की तिथे पांढरी रेघ पडते आणि पुढे तिथूनच तडकतात.

गाडी चालूच होत नसेल तर

पंप मेलाय, म्हणूनच तर पाइप सोडायचाय, मग बंद पडू कशी द्यायची? आधी रेलच्या टोकाला बघा. टायरसारखा व्हॉल्व्ह, वर प्लॅस्टिकची टोपी, असं काही असेल तर तिथे प्रेशर मोजायचा गेज लावून त्याच्या नळीने डब्यात पेट्रोल सोडता येतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तो बहुधा नसतो. मग फडक्याखाली सावकाश उघडणं, एवढंच हातात राहतं. इंजेक्टरचा कनेक्टर काढून त्याला बॅटरीवरून दोन वायरी लावायची एक युक्ती पोरं दाखवतात. टक टक आवाज येतो, प्रेशर उतरतं. मी ते करत नाही आणि गॅरेजमध्ये करू देत नाही. वायर लावताना ठिणगी पडते, इंजेक्टरची कॉइल जळू शकते, आणि सगळं पेट्रोल एकाच सिलिंडरमध्ये जाऊन बसतं.

पाइप सोडताना

जॉइंट आधी साफ करा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आमच्याकडे बोनेटखाली जी माती साचते ती क्लिपच्या दातांत घट्ट बसते. मग क्लिप दबत नाही, पोरं स्क्रू-ड्रायव्हर घालतात, आणि सत्तर रुपयांच्या कामाला पूर्ण पाइपाचा खर्च येतो. क्लीनर मारा, ब्रश फिरवा. मग दोन्ही बाजूंच्या पाकळ्या दाबायच्या आधी पाइप आतल्या बाजूला ढकला. हो, आत. दात मोकळे होतात. तसंच दाबून मग बाहेर ओढा. नुसता ओढत राहिलात तर दात आणखी रुततात, आणि शेवटी एकदम सुटून कोपर पंख्याच्या जाळीवर आपटतं.

फडका सुती हवा, जुना बनियन उत्तम. नायलॉनची साडी किंवा लोकरीचं काही नको. डोळ्यांवर चष्मा, आणि तोंड जॉइंटच्या रेषेत नको, बाजूला. पेट्रोल धरायला पत्र्याचा डबा. चहाचा थर्माकोलचा कप घेणारा एक जण मी बघितलाय. त्याच्या हातात कप विरघळला. उजेडाला एलईडीचा दिवा. काचेच्या पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प नको. तापलेल्या बल्बवर थेंब पडला की काच फुटते आणि आतली तार उघडी पडते. भिजलेले फडके झाकणाच्या डब्यात, बाहेर. डोळ्यांत गेलंच तर चोळू नका, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी: पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, ते फुप्फुसात उतरतं. सरळ दवाखाना गाठा.

देव्हाऱ्याचं विचाराल तर तो तिथेच आहे. फक्त दिवाबत्ती आता शटर उघडल्या उघडल्या होते, आणि ती शांत झाल्याशिवाय पेट्रोलच्या कामाला हात लागत नाही.

ही पद्धत जिथे चालत नाही

टर्बो पेट्रोल, थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं. त्यात टाकीतल्या पंपानंतर कॅमवर चालणारा दुसरा पंप असतो आणि त्यापुढचं प्रेशर १०० बारच्या वर जातं. स्कॅनरवर रेल प्रेशरचा आकडा खाली आलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या बाजूचा स्टीलचा पाइप सोडायचा नाही.

सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेलच्या नव्या डिझेल इंजिनाचं तर नावच काढू नका. ट्रॅक्टरवर आपण काय करायचो? इंजिन चालू ठेवून एकेक नोझलचा नट ढिला करायचा, ज्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. हीच सवय सीआरडीआयवर नेली तर हात जाईल. तिथे चालू इंजिनात प्रेशर १६०० बार आणि त्याहूनही वर जाऊ शकतं. केसासारखी बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, रक्तही येत नाही, दुखतही नाही फारसं. माणूस म्हणतो, चला, काही नाही. काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं. असा ठिपका दिसला तर चुना-हळद लावत बसू नका. तातडीने शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" हे याच शब्दांत सांगा. गाडी बंद करून त्या कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबणं, एवढीच तिथली पद्धत.

परत जोडताना

ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी कडी) काढली की नवीनच टाका. जुनी चांगली दिसते, पण पेट्रोलमधलं इथेनॉल आता २० टक्क्यांवर गेलंय आणि जुन्या गाडीतलं रबर त्याने फुगतं, कडक होतं, पिचतं. आमच्याच भागातल्या उसाचं इथेनॉल, तक्रार तरी कोणाकडे करायची! बोल्टचा जॉइंट असेल तर दोन्ही तांब्याचे वॉशर नवे. क्लिपवाला पाइप आत ढकलल्यावर "टक" ऐकू आलं पाहिजे आणि मग ओढून बघितलं पाहिजे. टक न ऐकता जोडलेला पाइप पाच मिनिटं धरतो आणि रस्त्यावर सुटतो.

बॅटरी जोडा, रिले बसवा, आणि लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन, तीन सेकंद, ऑफ. असं तीन-चार वेळा. रेल भरते. आता इंजिन बंद असतानाच जॉइंटभोवती कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर डाग होऊन दिसतो. कोरडं असेल तर चालू करा, पुन्हा कागद फिरवा. एक चक्कर मारून आल्यावर, गरम इंजिनावर, तिसऱ्यांदा. या वेळी कागदाऐवजी नाक पुरे, हात आत घालायचा नाही.

पहिला सेल्फ लांबला तर घाबरू नका, पाइपातली हवा निघतेय. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर तो बहुधा तुम्हीच लावलाय: पेट्रोल संपवत बंद पाडताना कंप्युटरने मिसिंग किंवा पातळ मिश्रणाचा कोड धरून ठेवलेला असतो. स्कॅनरने पुसा. पुसून परत आला तर मग शोधा.

आणि सगळं जागेवर आहे, बॅटरी फुल आहे, सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी काही केल्या चालू होत नाही, मागून पंपाचा आवाजही नाही, तर वायरिंग उकलायला बसण्याआधी खिसा तपासा. भाचा एकदा रिले घेऊन मिरजेला घरी पोचला होता.